तीन भोकांची नळी

आमच्या कॅन्टीनमध्ये आबांचा किस्सा अजून सांगतात. नवीन माणूस लागला की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी त्याला चहा पाजतं आणि सुरू होतं, "आमच्याकडे एक म्हातारा होता, खिशात बॉम्ब घेऊन फिरायचा." सांगणारा उजवा हात वर करतो, दोन बोटं मिटून घेतो, तोंडाने 'फट्' करतो, आणि अख्खं टेबल हसतं. मी तिथे असले तर उठून जाते. पूर्वी भांडायचे. एकदा तर एकाच्या पुढ्यातला समोसा उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला होता, आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. ज्या माणसाने यांच्या साहेबांच्या साहेबांना पाईप म्हणजे काय ते शिकवलं, त्याच्या बोटांवर हे दात काढतात.

पण राग फक्त यांचा असता तर मी कधीच निवळले असते. मला खुद्द आबांचा राग आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पकडणाऱ्या माणसाने एक चूक अशी करावी की शाळेतल्या पोरालाही कळली असती, आणि वर ती एकट्याच्या नावावर घेऊन मोकळं व्हावं, याचा राग आहे. तो का, ते सांगायचं तर आधी आबा सांगायला हवेत.

जळगावहून नशिराबादकडे जाताना हायवेला लागून आमचा पाईपचा कारखाना. आबा तिथे टेस्टिंगचे प्रमुख होते. शिरपूरकडच्या एका खेड्यातले, घरी कापसाची शेती. रोज पांढराशुभ्र शर्ट, खिशाला पेन आणि स्टीलची सहा इंची पट्टी. पाईपांच्या ढिगाशेजारून जाता जाता ते पट्टीने एकेका पाईपावर टिचकी मारत आणि मान कलती करून ऐकत. मग मध्येच थांबून म्हणत, "हा बाजूला घ्या." त्या पाईपात पाणी भरून दाब चढवला की कुठेतरी केसाएवढी चीर निघायचीच. मशीनला जे सापडायला तास लागायचा ते या माणसाच्या कानाला चालता चालता सापडायचं. हे मी ऐकीव सांगत नाही, अकरा वर्षं शेजारच्या टेबलावर बसून पाहिलेलं आहे.

त्यांच्या बोलण्याची एक गंमत होती. मन प्रसन्न असलं की ते अहिराणी बोलत आणि मला 'पोरी' म्हणत. राग आला की एकदम शुद्ध मराठी सुरू व्हायची आणि मी 'मॅडम' व्हायचे. त्यामुळे 'मॅडम' ऐकलं की हॉलमधली सगळी माणसं आपापल्या कामात डोकं घालत. मोठ्याने ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नाही, त्याची गरजच पडायची नाही.

कारखान्याचे दोन भाग होते. एका बाजूला आमचे पाण्याचे पाईप, दुसऱ्या बाजूला ठिबकच्या नळ्या. ठिबकच्या नळीला ठरावीक अंतरावर भोकं पाडावी लागतात, तेच तिचं काम. आबांना ते मनापासून पटायचं नाही. चांगला पाईप बनवायचा आणि मग त्याला भोकं पाडायची, हा त्यांना अन्नाचा माज वाटायचा. मी आले ती ठिबककडूनच बदली होऊन. पहिल्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, तिकडचं तिकडे विसरून यायचं, इथे भोक म्हणजे नापास.

आणि नापासाची वही. लाल पुठ्ठ्याची, जाडजूड. कंपनीचे छापील फॉर्म वेगळे होते, ही वही आबांची स्वतःची. प्रत्येक नापास पाईपाची नोंद, आणि पुढे दोन रकाने. पहिला, 'चूक कोणाची'. दुसरा, 'पाहिलं कोणी'. या दुसऱ्या रकान्यात चूक पकडणाऱ्याचं नाव लिहायचं नसे. ज्याने चूक पाहिली आणि तोंड मिटून बसला, त्याचं नाव तिथे जायचं, त्याच्याच अक्षरात आणि सहीनिशी. आबांच्या लेखी दोघं सारखेच.

मला येऊन दोन महिने झाले असतील. एका पाईपाच्या तोंडाशी मला बारीक ओरखडा दिसला होता. ऑपरेटर जुना माणूस, मी नवी, त्यात बाई. म्हटलं, त्याला दिसलाच असेल. पाईप चाचणीत फुटला, आबांनी मला विचारलं आणि मी खरं ते सांगितलं. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. "मॅडम, दुसरा रकाना." अख्ख्या हॉलसमोर मी सही केली आणि स्कुटीवरून घरी जाताना सगळा रस्ता त्यांना शिव्या दिल्या. पण त्यानंतर अकरा वर्षांत माझं नाव त्या रकान्यात आणखी दोनदाच आलं. ज्याला पाहता येतं त्याने बोललं पाहिजे, हे या माणसाने माझ्या हाडात मुरवलं.

शेतकरी आले की आबा खुलायचे. केळीवाले असोत की कापूसवाले, त्यांना बसवून, पाणी देऊन, कागदावर पाईपलाईन काढून दाखवायचे. मोटर चालू झाली की नळीतली हवा पाण्यापुढे पळते, तिला बाहेर पडायला जागा नसेल तर ती नळी फोडते, म्हणून चढावर एअर व्हॉल्व्ह बसवाच, असं त्यांचं ठरलेलं सांगणं. एक वाक्य तर मी शंभरदा ऐकलं असेल. "पान्याले वाट दे नको दे, वाराले पहिले दे." हे वाक्य लक्षात ठेवा, कारण ते बोलणारा स्वतःच विसरला.

आबांचा एकच दोष सगळ्यांना माहीत होता, तो म्हणजे बिडी. तीस-पस्तीस वर्षांची. जेवणानंतर फाटकाबाहेर कडुनिंबाखाली दोन, चहानंतर एक. मग छातीचा डॉक्टर झाला, फोटो झाले, आणि डॉक्टरने सांगितलं की बिडी सोडा, नाहीतर पाईप मोजायला वर जा. सुरतेला राहणाऱ्या लेकीने हाय खाल्ली. तेव्हा अजून या वाफेच्या सिगारेटींवर बंदी आलेली नव्हती. तिकडे मोठमोठी दुकानं होती, काचेची कपाटं, निळे दिवे. तिने बापाला तिथून एक यंत्र घेऊन दिलं. बटण दाबलं की आत निकोटीनचा रस तापतो आणि धुराऐवजी वाफ येते. यातून बिडी सुटते असं त्या दुकानदाराने सांगितलं म्हणे. दुकानदार काय, काहीही सांगतो.

त्या यंत्राला एक छोटा पडदा होता. त्यावर आकडे यायचे आणि जास्त ओढलं की इशारा यायचा, थांबा, गरम झालं. आबांनी ते चार दिवस वापरलं. पाचव्या दिवशी टेबलावर ठेवून त्याच्याकडे पाहत बसले. म्हणाले, "चाळीस वरीसपाइन पाईप तपासस मी, आन हाई डबी माले सांगस, थांब." ते परत सुरतेला गेलं. त्या पडद्यातच सगळा शहाणपणा होता, हे आज मला कळतं. जे यंत्र 'थांब' म्हणायचं तेच त्यांनी आधी घराबाहेर काढलं.

त्याच दुकानाकडून त्यांना कळलं की पडदा नसलेलीही यंत्रं मिळतात. नुसती मेकॅनिकल. आत कसलं सर्किट नाही, वायरींचं जाळं नाही. एक सेल, एक तारेचं वेटोळं आणि एक बटण. बटण दाबा, सेलची सगळी ताकद थेट तारेत. अडवणारं कोणी नाही. आबांना हे ऐकूनच आनंद झाला. जावयाच्या ओळखीवर त्यांनी तीन नमुने आणले. पसंत पडेल तो ठेवायचा, बाकीचे दोन परत.

आणि मग आमच्या हॉलमध्ये जेवणाच्या सुट्टीत जी निवड झाली तशी मी पुन्हा पाहिली नाही. आबांनी तिन्ही यंत्रांना दोऱ्याने चिठ्ठ्या बांधल्या, एक, दोन, तीन, जशा आम्ही बाहेरून आलेल्या मालाच्या नमुन्यांना बांधतो. पहिली होती पितळेची गोल नळी, खाली बूड म्हणजेच बटण. दुसरी चौकोनी डबी, तिच्यात शेजारी शेजारी दोन सेल. तिसरीत सेलच्या जोडीला एक मऊ बाटली, ती दाबली की रस आपोआप वर चढायचा. आबांनी चष्मा पुसला, पट्टी काढली आणि आम्हा चौघा-पाचजणांना गोल उभं केलं.

बाटलीवाली सगळ्यात आधी बाद झाली. गाय पिळल्यासारखं सारखं दाबत बसायचं, हे काम बायकांचं, असं ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुले नही म्हनत पोरी." मग चौकोनी डबी. ती हातात बसत होती, जास्त वेळ चालणारी होती, आणि आमच्यातल्या दोघांना तीच पसंत होती. आबांनी विचारलं, दोन सेल आत एकमेकांशी काय बोलतात ते बाहेरून कळतं का? एक जुना, एक नवा झाला तर? जे उघडून दिसत नाही ते मी तोंडाला लावणार नाही. हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आजही मी ते खोडणार नाही. चौकोनी डबीवर त्यांनी पट्टीने टिचकी मारली, ती थप्प वाजली. नळीवर मारली, ती देवळातल्या लहान घंटेसारखी वाजली. आबांनी मान कलती करून आवाज विरेपर्यंत ऐकलं.

"हाऊ पाईप शे," ते म्हणाले. "पाईपले मी वळखस."

झालं, निवड संपली. कोणत्या नळीला कसला सेल चालतो, किती जाडीची तार लागते, काय केल्याने ती तापते, यातलं एक अक्षरही त्या सुरतेच्या दुकानदाराने सांगितलं नव्हतं. कोणत्या नळीतून ढग मोठा निघतो आणि कोणती हातात शोभते, एवढंच. अशी जिवाशी गाठ असलेली वस्तू पेढ्यासारखी कागदात गुंडाळून देणाऱ्याला काय म्हणावं? आणि आमचे आबा, वीज म्हणजे काय हे ज्यांना मोटरीपुरतंच माहीत होतं, त्यांनी ती निवडली ती आवाजावरून. पाईपांच्या बाबतीत त्यांचा कान कधी चुकला नव्हता. तिथेच घात झाला.

त्या नळीचे लाड मात्र पाहण्यासारखे होते. तारेच्या वेटोळ्यात रस शोषायला कापूस लागतो. दुकानात परदेशी कापसाची पुडी मिळायची, ती आबांनी नाकारली. खानदेशच्या माणसाने कापूस विकत घ्यायचा म्हणजे हद्द झाली. घरच्या शेतातला कापूस सरकी काढून, उकळून, वाळवून ते वापरू लागले. पुढे तेवढाही धीर राहिला नाही. त्यांच्या घरी अक्का, म्हणजे त्यांची बायको, रोज दुपारी देवासाठी वाती वळायची. एकसारख्या, घट्ट, ओळीने डब्यात लावून ठेवलेल्या. आबा निघताना त्या डब्यातून चार वाती उचलून खिशात टाकायचे. मी एकदा त्यांच्या घरी गेले तेव्हा अक्कांनी तो डबा माझ्यापुढे उघडून दाखवला. "मी वाती देवसाठे वळस," त्या म्हणाल्या, "यास्ना धूरसाठे नही." आबा आतल्या खोलीतून म्हणाले की धूर नाही, वाफ आहे.

हेच उत्तर ते कारखान्यातही द्यायचे. हॉलमध्ये बिडी ओढायला बंदी होती आणि इतक्या वर्षांत त्यांनी ती कधी मोडली नव्हती. पण वाफेबद्दल कुठल्याच पाटीवर काही लिहिलेलं नव्हतं. सेफ्टीवाल्या साहेबांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं, कारण प्रमुखाला बोलणार कोण. अशा वेळी ती लाल वही त्यांच्यापुढे कोणी सरकवली नाही. आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं आणि आम्ही सगळे गप्प होतो.

नळीच्या बुडाशी एका ओळीत तीन बारीक भोकं होती. सुईने पाडल्यासारखी. आबांनी ती पहिल्या दिवशीच पाहिली होती आणि नाक मुरडलं होतं, पण आवाजाच्या प्रेमापुढे तेवढं चालवून घेतलं. मग एक दिवस वरचा रस झिरपून नळीत उतरला आणि त्या भोकांतून बाहेर आला. पांढऱ्या शर्टाच्या खिशाला रुपयाएवढा तपकिरी डाग. तो नेमका पाहिला ठिबकच्या साहेबांनी. ते भर बैठकीत हसून म्हणाले, "आबा, तुमचा पाईप गळतोय. आमच्याकडे द्या, आमच्यात खपून जाईल."

सगळे हसले. आबाही हसले, पण परत आल्यावर नळी माझ्या टेबलावर ठेवली तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. म्हणाले, "मॅडम, ही तीन भोकं बुजवून द्या."

मी ठिबकवाली होते. भोक पाडायला मेहनत लागते, ते कोणी उगाच पाडत नाही, हे मला शिकवावं लागत नव्हतं. मी विचारलं, आबा, कंपनीने ही मुद्दाम दिली असतील, कशाला दिली असतील? ते म्हणाले, "पाईपाला भोक म्हणजे नापास. तुमची ठिबकची सवय अजून गेली नाही का?" आणि त्याच क्षणी मला त्यांचं ते वाक्य आठवलं. वाराले पहिले दे. अगदी जिभेवर आलं होतं. मी ते बोलले नाही.

का बोलले नाही, याची कारणं मी गेली कित्येक वर्षं गोळा करते आहे आणि एकही पुरत नाही. 'ठिबकची सवय' हे मला झोंबलं होतं, हे एक. आणि दुसरं जास्त लाजिरवाणं आहे, मला त्यांच्याकडून शाबासकी हवी होती. मी दोन ट्यूबांतला, सुकून दगड होणारा लांबी-मसाला एकत्र कालवला, तिन्ही भोकं भरली, सुकल्यावर कानशीने घासून अशी गुळगुळीत केली की बोटालाही लागू नयेत. आबांनी नळी पाण्यात बुडवून तोंडाने फुंकून पाहिली. एकही बुडबुडा नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते कुठलीही खोड न काढता म्हणाले, "पोरी, पास शे." मी दिवसभर हवेत होते.

तीन आठवडे काही झालं नाही. मग एका सकाळी, अकराच्या सुमारास, मी आणि एक ऑपरेटर माझ्या टेबलाशी कागद पाहत होतो. आबांनी चाचणीचा दाब बघायला उठताना नळी माझ्या टेबलावर, लाल वहीवर उभी करून ठेवली होती. तिच्या बुडाचं बटण फिरवून बंद करायची एक कडी असते. ती कडी लावायचा त्यांना कंटाळा. नळी वजनदार, उभी राहिली की आपल्याच भाराने आपलं बटण दाबत राहायची. हेही दुकानदाराने सांगितलं नव्हतं.

आधी वास आला, निरांजन विझल्यावर येतो तसा. मी मान वर केली तर अक्कांची वात जळत होती. हात लावायला गेले तर नळी दुरूनच भाजत होती. आबा वळले. त्यांना एका नजरेत कळलं, कारण दाब म्हणजे काय हे त्यांच्याइतकं त्या कारखान्यात कोणालाच माहीत नव्हतं. आतला सेल तापला होता, त्यातून वाफारा सुटत होता, आणि त्याला बाहेर पडायला आम्ही वाट ठेवली नव्हती.

"मॅडम, बाजूला व्हा," ते म्हणाले.

त्यांनी रुमालात ती नळी उचलली आणि चाचणीच्या हौदाकडे चालू लागले. पळाले नाहीत, त्या हॉलमध्ये पळायचं नाही हा त्यांचाच नियम. हौद दहा पावलांवर होता. सात पावलं झाली आणि आवाज झाला. त्यानंतर उजव्या हाताची दोन बोटं नव्हती आणि उजवा कान कायमचा गेला, तोच, पाईपावर कलता व्हायचा तो.

कॅन्टीनमधल्या किश्शात ही सात पावलं नसतात. नळी टेबलावर राहिली असती तर तिच्यापासून हातभर अंतरावर मी होते आणि माझा चेहरा होता. हे कोणी सांगत नाही.

चौकशी लागली. मी ठरवलं होतं की जे आहे ते सांगायचं. कानस माझी, मसाला माझा, हात माझा. त्याच महिन्यात माझी बढती कागदावर आली होती आणि ती जाणार, कदाचित नोकरीही जाणार, हे मला दिसत होतं. सेफ्टीचे साहेब माझ्यासमोर बसले आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी लाल वही उघडून माझ्यापुढे धरली. आबांनी ती चौथ्या दिवशी दवाखान्यात मागवून घेतली होती. डाव्या हाताने लिहिलेलं, पहिलीतल्या पोरासारखं वाकडंतिकडं अक्षर. 'पितळी नळी. हवेची वाट बुजवली. चूक कोणाची: माझी.' खाली सही. आणि दुसऱ्या रकान्यात, 'पाहिलं कोणी: कोणीच नाही.'

साहेब म्हणाले, प्रमुखांनी स्वतःच लिहून दिलंय, तुमचा यात काही संबंध दिसत नाही, बरोबर? मी म्हटलं, बरोबर.

बस्स, एवढंच. एक शब्द. माझी बढती झाली, पुढे मी त्यांच्याच खुर्चीत बसले. आबांना निवृत्तीला काही महिने राहिले होते, ते आजारपणाच्या रजेवरच गेले. निरोपसमारंभ झाला नाही. पुढे सरकारने असल्या सगळ्या यंत्रांवर बंदी आणली. तरी रंगीबेरंगी पेनांसारखी ती अजून कॉलेजच्या पोरांच्या ओठांना दिसतात, आणि मी स्कुटी थांबवून त्यांना झापते. ती मला वेडी समजतात. त्यांचं बरोबर आहे, मी त्यांच्यावर ओरडत नसतेच.

माझी तळमळ कसली होती ते मला फार उशिरा कळलं. 'कोणीच नाही' हे ते दोन शब्द. ज्या माणसाने हॉलभर लोकांसमोर माझ्याकडून सही करून घेतली, पाहणाऱ्याचा गुन्हा करणाऱ्याइतकाच हे मला शिकवलं, त्याने माझी पाळी आली तेव्हा मला कोणीच नाही करून टाकलं. एवढा मोठा नियम, आणि माझ्यासाठी तो मोडायचा अधिकार यांना कोणी दिला? मला वाचवायला मी यांना सांगितलं होतं का?

यंदा सगळ्या नोंदी संगणकावर गेल्या आणि जुन्या वह्या रद्दीत काढायची नोटीस आली. मी लाल वही पिशवीत घातली आणि रविवारी चोपड्यावरून शिरपूरची एसटी धरली.

आबा ओट्यावर बसले होते. बारीक झालेत. मी डाव्या बाजूला बसले, त्याच कानाला ऐकू येतं म्हणून. आणि त्यांच्या हातात काय होतं? बिडी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन बोटं घालवून, कान घालवून, पुन्हा त्याच जागेवर. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझं तोंड वाचलं. "बिडी दोन्ही बाजूथीन उघडी रास," ते म्हणाले. "फुटस नही." अक्का आतून म्हणाल्या की छाती फुटेल त्याचं काय.

मी वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. ते पान उघडलं. मनात वर्षानुवर्षं घोटून ठेवलेलं सगळं बोलले. तुम्ही माझं नाव का खाल्लंत, म्हणून विचारलं. आवाज चढला असावा, कारण शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. आबा डावा कान माझ्याकडे करून शेवटपर्यंत ऐकत राहिले, जसे पाईपाचा आवाज विरेपर्यंत ऐकायचे.

मग म्हणाले, "मी ते घर जाई ऱ्हायनू व्हतू. तुनी बठ्ठी नोकरी बाकी व्हती."

"माझी सगळी नोकरी वाचवायची होती, तर मग शिकवलंत कशाला?" मी म्हटलं.

त्यांनी बिडी विझवली. शर्टाच्या खिशातून पेन काढलं, अजून तिथेच असतं ते, आणि माझ्यापुढे धरलं. मी 'कोणीच नाही' वर रेघ मारली. दुसऱ्या रकान्यात माझं पूर्ण नाव लिहिलं, सही केली. इतक्या वर्षांनी छातीवरचा दगड हलल्यासारखं वाटलं. वही वळवून त्यांच्याकडे दिली, आणि खरं सांगते, मला वाटलं आता ते 'पास' म्हणतील.

आबांनी चष्मा लावला. उरलेल्या बोटांनी पान सपाट केलं आणि माझी सही नीट वाचली. मग वही परत माझ्याकडे फिरवली आणि पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं.

"मॅडम," ते म्हणाले, "रकाना चुकला."